गळ्यापर्यंत बंद कोट आणि सकपाळ यांचा पुकारा

दिनांक : २३ एप्रिल २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
न्यायालयीन वेतन व सवलती अंमलबजावणी समिती (शीत-डोंगरी विभाग),
जिल्हा मुख्यालय.

अर्जदार : श्रीमती सुमेधा अवधूत कारेकर, नाझर, दिवाणी व फौजदारी न्यायालय, सावरघाट (पोलादपूरच्या अलीकडे). राहणार महाड.

विषय : शिपाई श्री. चांगू महिपत सकपाळ यांच्याविरुद्ध काल एकतर्फी उरकलेली चौकशी रद्द करून ती त्यांच्या सेवानिवृत्तीपूर्वी, म्हणजे ३० एप्रिलच्या आत, पुन्हा घेण्याबाबत.

संदर्भ : १) समितीचे लोकरी कोट सक्तीचे परिपत्रक. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांपैकी एकास उत्तर म्हणून थर्मास आला. ३) कालची चौकशी, तिला चौकशी म्हणायचे असल्यास.

महोदय,

अशा अर्जाच्या सुरुवातीला आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागण्याची पद्धत आहे. ती मी या वेळी पाळत नाही. आपल्या समितीच्या वेळेचे मोल काल आम्हा सर्वांना समजले. चौकशी अधिकारी अकरा वाजता आले आणि साडेअकराच्या आत एका माणसाच्या सबंध नोकरीचा निकाल लावून गाडीत बसलेसुद्धा. तेव्हा आपण हा अर्ज शेवटपर्यंत वाचाल अशी माझी अपेक्षा नाही, परंतु लिहिणे माझे काम आहे.

१. मी या न्यायालयाची नाझर आहे. कार्यालयातील खुर्च्या, कपाटे, मुद्देमाल, शिक्के यांच्याबरोबर बेलिफ आणि शिपाई हेही माझ्याच देखरेखीखाली असतात. सामान व माणसे एकाच टेबलावर ठेवण्याची ही रीत जुनी आहे. समितीने तिच्यात एवढीच सुधारणा केली की आता सामानाला माणसांपेक्षा जास्त जपायचे.

२. गेल्या वर्षीच्या वेतन-फेरआढाव्यात मा. न्यायदंडाधिकाऱ्यांची श्रेणी सुधारली. ती सुधारायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हा कर्मचाऱ्यांची श्रेणी मात्र 'विचाराधीन' राहिली. हा विचार इतका खोल असावा की अद्याप त्यातून कोणी वर आलेले नाही. मधल्या काळात आमची समजूत काढण्यासाठी आपली समिती नेमण्यात आली आणि समितीने पगाराऐवजी सवलती वाटायला घेतल्या.

३. आता मूळ चूक. आमचे न्यायालय डोंगरी तालुक्यात मोडते हे खरे आहे. परंतु समितीतील कोणा विद्वानाने नकाशात पोलादपूर पाहिले, शेजारी महाबळेश्वर पाहिले, दोन्हींच्या मध्ये बोट ठेवले आणि आम्हाला थंड हवेच्या ठिकाणांत घालून टाकले. तो घाट चढून जावा लागतो, हे नकाशात दिसत नसावे. महाबळेश्वर वर आहे, आम्ही खाली आहोत. महाबळेश्वरला जाणारे लोक आमच्याकडे थांबतात ते डोक्यावर पाण्याची बाटली ओतून घेण्यासाठी. फेब्रुवारीच्या मध्यापासून इथे सकाळी दहाला पत्रा तापतो आणि संध्याकाळी सहानंतरही तो हात लावू देत नाही. महाडात राहून मी ही हवा जन्मापासून सोसते आहे. आपल्यापैकी कोणी इथे एक दुपार काढली असती तरी पुढचे सर्व टळले असते.

४. या वर्गवारीनुसार आम्हाला 'शीत-डोंगरी भत्ता' मंजूर झाला. मा. दंडाधिकाऱ्यांच्या दालनासाठी विजेचा हीटर आला, त्यांच्या निवासासाठी दुलई आली. कर्मचाऱ्यांसाठी जाड लोकरी कोट आले. काळे, बंद गळ्याचे, आत कडक कापडाचे अस्तर लावलेले, आणि सर्व एकाच मापाचे. अस्तराची कॉलर हनुवटीला टेकते. कपडा उत्तम आहे, हे मी नाझर म्हणून नमूद करते. हिमालयातील एखाद्या न्यायालयाला तो शोभेल.

५. भत्त्यासाठी समितीने दोन अटी घातल्या. पहिली, कार्यालयीन वेळेत कोट गळ्यापर्यंत बंद असावा आणि एका कर्मचाऱ्याचा जरी उघडा आढळला तरी सबंध आस्थापनेचा भत्ता थांबवावा. दुसरी, मा. दंडाधिकाऱ्यांनी दर महिन्याला 'आवारात थंडी होती' असा दाखला द्यावा. पहिल्या अटीमुळे आम्ही एकमेकांचे पहारेकरी झालो. लघुलेखक टेबलावरून मान वर करतात ती कोणाचे बटण सुटले आहे का हे पाहण्यासाठी. दुसऱ्या अटीबद्दल काय लिहावे? मार्च महिन्यात एके दिवशी आमच्या मा. दंडाधिकारी श्रीमती समीक्षा मॅडम यांनी सकाळी एका साक्षीदाराला शपथेवर खोटे बोलण्याचे परिणाम फार सुंदर समजावून सांगितले. दुपारी त्यांनीच कपाळाचा घाम टिपत थंडीच्या दाखल्यावर सही केली. कागदावर त्यांचा घामाचा थेंब पडला होता. मी तो टिपकागदाने टिपला आणि कागद आपल्याकडे रवाना केला. आपण तो स्वीकारला.

६. हीटरची आम्ही हेळसांड केलेली नाही. त्याच्यावर मॅडमचा डबा ठेवला जातो. डब्याला उंची बरोबर लागते.

७. इथवर ही सर्व थट्टा होती आणि आम्ही भत्ता घेऊन गप्प बसलो होतो. मीही घेतला. परंतु कोटामुळे या न्यायालयाचे काम बंद पडत गेले आणि ते कसे, हे समजण्यासाठी आपल्याला आमच्या कामाची रीत ठाऊक हवी. ती आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

आमचे न्यायालय भाड्याच्या इमारतीत आहे. वऱ्हांड्यात दोन बाके, त्यांवर वकील बसतात. पक्षकारांना बसायला जागा नाही. ते समोर, राष्ट्रीय महामार्गाच्या पलीकडे, एस.टी.च्या शेडमध्ये आणि तिच्या शेजारी श्रीपतच्या चहाच्या टपरीवर बसतात. वाड्यांवरून पहाटे निघालेली माणसे तिथे भाकरी सोडतात. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेली पोरे तिथे बाकावर आडवी होतात. मधून कशेडी घाटाकडे जाणारे ट्रक गिअर बदलत जातात. या सर्वांच्या पलीकडे ज्याचे नाव पोहोचवायचे ते एकट्या सकपाळ शिपायाने, वऱ्हांड्याच्या पायरीवर उभे राहून. नाव तीनदा पुकारायचे, माणूस रस्ता ओलांडून येतो, काम सुरू होते. हे असे वर्षानुवर्षे चालत आले आहे. ध्वनिक्षेपकाची मागणी मी पूर्वी केली होती. 'पुकारा करण्यास शिपाई उपलब्ध असल्याने आवश्यकता नाही' असे उत्तर आले. शिपायाचे दुसरे पद रिक्त आहे, तेव्हा रस्ता ओलांडून कोणाला बोलावून आणायला माणूस नाही.

८. श्री. सकपाळ यांच्याबद्दल मला माया आहे असा समज आपण करून घेऊ नये. ते भांडकुदळ आहेत. रजेवरून त्यांनी माझ्याशी जितका वाद घातला तितका माझ्या नवऱ्यानेही घातलेला नाही. कपाटावरची धूळ हे आपले काम नव्हे असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांना एकच गोष्ट येते, आणि तिचा त्यांना एवढा गर्व आहे की नवीन वकिलाला ते स्वतःची ओळख 'हितला आवाज' अशी करून देतात. परंतु तो आवाज खरोखरच तसा आहे. पुकारा सुरू झाला की श्रीपत गाळणी हातात धरून थांबतो. शेडमध्ये झोपलेला माणूस उठून बसतो आणि आपले नाव नसेल तर पुन्हा झोपतो. ट्रकच्या आवाजावरून तो कसा जातो हे मला आजवर उमगलेले नाही.

९. सकपाळ यांची मान बैलाची आहे. एकाच मापाच्या कोटाची कॉलर त्यांच्या गळ्याला लागली की तोंड लाल होते आणि आवाज कॉलरच्या आत राहतो. बाहेर येते ते खाकरणे. फेब्रुवारीपासून माणसे समोर बसलेली असताना गैरहजर ठरू लागली. साहिल नावाचा रात्रपाळीचा कामगार किरकोळ फौजदारी प्रकरणात तारखेला हजर होता, शेडमध्ये होता, तरी त्याच्यावर वॉरंट निघाले. ते बजावायला बेलिफ त्याच्या गावी गेले, तेव्हा तो पुन्हा आमच्याच समोरच्या शेडमध्ये येऊन बसला होता. दावे गैरहजेरीत निकाली निघू लागले, मग ते पुन्हा दाखल करून घेण्याचे अर्ज येऊ लागले, मग त्या अर्जांचा पुकाराही कोणाला ऐकू जाईना. न्यायदानाचा वेग मात्र कागदावर वाढला. आपल्या मासिक अहवालात आमच्या न्यायालयाचे अभिनंदन आहे.

१०. मी अर्ज केले. पहिल्या अर्जात इथे थंडी नाही असे लिहिले. त्यावर काही आले नाही. दुसऱ्या अर्जात फक्त सकपाळ यांना, फक्त पुकाऱ्याच्या वेळी, फक्त वरचे एक बटण उघडे ठेवण्याची परवानगी मागितली. तो अर्ज गणवेश उपसमितीकडे गेला, असे तोंडी समजले. उपसमिती कुठे बसते हे कोणालाच सांगता आले नाही. तिसऱ्या अर्जात शिपायाचा आवाज बसतो असे लिहिण्याची चूक माझ्याकडून झाली. आपण ती तत्परतेने उचलली. 'थंडीने आवाज बसत असल्यास कोमट पाण्यासाठी' एक थर्मास पाठवून दिला. बुद्धीचे असे दर्शन सरकारी नोकरीत नेहमी घडत नाही. तो थर्मास मी कार्यालयीन सामानाच्या, म्हणजे जडवस्तूंच्या, नोंदवहीत नोंदवला. सकपाळ यांनी तो पाहिला, झाकण उघडून आत डोकावले आणि झाकण पुन्हा घट्ट लावून तो माझ्या टेबलावर ठेवला.

११. आता रंगूबाई. कशेडीच्या अंगाला वरच्या एका वाडीवरची ही म्हातारी. एकटी राहते. भावकीतल्या एकाने मुंबईच्या पैशांवर नवे घर बांधताना तिची पायवाट कुंपणात घेतली. आता तिला पाण्याला जायचे तर घळीतून जावे लागते. या पावसाळ्यात ती घळ ओलांडता येणार नाही आणि दरडींच्या या मुलखात घळीतून चालणे म्हणजे काय हे तळीये गाव दरडीखाली गेल्यानंतर आम्हाला कोणी समजावून देण्याची गरज नाही. वाट मोकळी करून मिळावी एवढाच तिचा दावा. मार्चमध्ये तो पुकारला गेला. ती पलीकडे शेडमध्ये बसली होती. तीनदा पुकारून गैरहजर म्हणून दावा निकाली निघाला. दुपारी ती रस्ता ओलांडून आली आणि वऱ्हांड्यात मला म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत नमूद करते : "बाय, मी सकालधरना हितंच बसलीय. माजं नाव कोनी घेतलंच नाय." मग सकपाळ यांच्याकडे वळून, "चांग्या, तुजा आवाज कुटं गेला रं? पालखीत तू वरडलास की वरच्या वाडीची कुत्री उटायची. आता काय झाला तुला?"

  संध्याकाळी सकपाळ यांनी कोट खुंटीला लावला तेव्हा कॉलरने गळ्यावर उठलेला वळ दिसत होता.

१२. रंगूबाईचा दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज ९ एप्रिलला होता. त्या दिवशी सकपाळ यांनी पायरीवर उभे राहून कोट काढला, कठड्यावर टाकला आणि तिचे नाव पुकारले. एकदाच. तीनदा पुकारण्याची वेळ आली नाही, कारण पहिल्याच हाकेला ती उठून रस्त्यावर आली आणि ट्रकसमोर हात आडवा धरून पलीकडून अलीकडे आली. अर्ज मंजूर झाला. दावा आता सुरू आहे. मला त्यांना अडवता आले असते. इतर सर्व कर्मचारी आपापल्या खिडकीतून पाहत होते, तेही अडवू शकले असते, कारण प्रश्न सगळ्यांच्या भत्त्याचा होता. कोणी पुढे झाले नाही. त्याचे कारण आपल्याला समजणार नाही म्हणून लिहीत नाही.

१३. दुर्दैवाने त्याच वेळी आपल्या समितीचे तपासणी पथक आले होते. ते न्यायालयात यायच्या आधी श्रीपतच्या टपरीवर बसले होते. पथकातील सर्वजण अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होते आणि कोकम सरबत पीत होते. बर्फ जास्त घाल, असे त्यांनी श्रीपतला दोनदा सांगितले, असे श्रीपत सांगतो. तेवढ्यात पुकारा झाला. पथकप्रमुखांनी आपल्या अहवालात जे लिहिले ते असे : 'रस्त्यापलीकडेही स्पष्ट ऐकू येईल असा पुकारा झाल्याने संशय आला. पाहणी केली असता सदर शिपाई कोटाशिवाय आढळला.' या वाक्याची मी प्रत काढून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. पुकारा ऐकू आला म्हणून संशय आला! न्यायालयात काम करणाऱ्या एका माणसाने आपले काम नीट केले, आणि आपल्या पथकाला त्यातच गुन्ह्याचा वास आला.

१४. सकपाळ निलंबित झाले; आस्थापनेचा भत्ता मात्र चौकशीच्या निकालापर्यंत चालू राहिला. निवृत्ती ३० एप्रिलला. निलंबनातच निवृत्त झाले तर ते निरोपाशिवाय, डागासह घरी जातील, आणि पेन्शनसाठी पुढे किती वर्षे आपल्या समितीच्या दारात बसावे लागेल हे आपण जाणताच. माझ्या दृष्टीने त्याहून वाईट हे की लोक म्हणतील, चांगू सकपाळ कामचुकार होता. हा माणूस कपाटे पुसत नसे, मला उलटून बोलत असे. पण नाव पुकारण्यात त्याने कधी हयगय केली नाही.

१५. कालची हकीकत. चौकशी आमच्याच न्यायालयात, मॅडमच्या दालनात, हीटरच्या शेजारी ठेवली होती. निलंबनाच्या आदेशात आपणच अट घातली होती की पुकारा होईपर्यंत सकपाळ यांनी आवारात पाऊल ठेवू नये. म्हणून ते सकाळपासून समोरच्या शेडमध्ये बसले होते. मी येताना त्यांना पाहिले. पांढरा गणवेश धुऊन इस्त्री केलेला, पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, केसांना तेल. शेजारी रंगूबाई बसली होती. तिची काल तारीख नव्हती. एका रुमालात तिने काहीतरी बांधून आणले होते, फणसाचे गरे असावेत, वास येत होता.

अकरा वाजता चौकशी अधिकारी आले. त्यांनी नियमाप्रमाणे अपचारी, म्हणजे ज्याची चौकशी आहे त्या, कर्मचाऱ्याचा पुकारा करण्यास फर्मावले. शिपाई तर निलंबित. म्हणून बेलिफ श्री. अनिल दळवी यांना पायरीवर उभे केले. समितीचे अधिकारी आत बसलेले, तेव्हा दळवी यांचा कोट हनुवटीपर्यंत बंद. दळवी हे चांगले बेलिफ आहेत, डोंगर चढतात, परंतु त्यांचा आवाज बंद खोलीतसुद्धा दुसऱ्यांदा विचारावा लागतो. त्यांनी तीनदा पुकारले. बाहेर कशेडीकडे चाललेला एक टँकर गिअर बदलत होता. मी दालनात समितीची कागदपत्रे मांडत होते. मला इतकेच ऐकू आले की कोणीतरी कण्हते आहे.

चौकशी अधिकाऱ्यांनी लिहिले : 'तीन वेळा पुकारूनही गैरहजर. आरोप सिद्ध.' मी त्यांना सांगितले, साहेब, ते समोरच बसले आहेत, खिडकीतून दिसतात. त्यांनी खिडकीकडे पाहिले. दिसणे आणि हजर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते म्हणाले, सही केली आणि निघाले. गाडीची काच वर गेली, आत गार हवा सुरू झाली, आणि गाडी शेडच्या अगदी समोरून वळली. सकपाळ उठून उभे राहिले आणि त्यांनी त्या गाडीला सलाम केला. साहेब चहाला चालले असावेत, आपला नंबर नंतर लागेल, असे त्यांना वाटले.

ते तिथेच बसून राहिले. इमारतीच्या आतून त्यांना कोणी सांगायला गेले नाही. सगळ्यांना फाइलींत एकदम फार काम सापडले. समीक्षा मॅडम दालनात बसून होत्या आणि त्यांनी डबा उघडला नाही. त्यांच्याविषयी वर परिच्छेद ५ मध्ये मी लिहिले आहे ते मागे घेत नाही, परंतु हेही नमूद असावे.

१६. दुपारी मधल्या सुट्टीत मी वऱ्हांड्यात गेले. कोट काढला. सकपाळ यांनी टाकला होता त्याच कठड्यावर टाकला. पायरीवर उभी राहिले आणि पुकारले. मी महाडातल्या चांगल्या घरातली, मोठ्याने हाकसुद्धा मारू नये असे ऐकत वाढलेली बाई आहे. पहिल्या वेळी आवाज फाटला. दुसऱ्या वेळी वऱ्हांड्यातले वकील उठून उभे राहिले. तिसऱ्या वेळी "चांगू महिपत सकपाळऽऽ" हे रस्त्यापलीकडे गेले. श्रीपतने गाळणी थांबवली.

सकपाळ ताडकन उठले. बिल्ला सरळ केला, दोन्ही बाजू बघून रस्ता ओलांडला आणि जवळजवळ धावत पायरीशी आले. धापा टाकत म्हणाले, "आलो, आलो मॅडम. लागला नंबर?" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "आवाज चांगला हाय की तुमचा. पन नाव जरा लांबवायचा. सकपाळ एकदम तोडायचा नाय."

मी त्यांना निकाल सांगितला. ते ऐकून त्यांनी एवढेच विचारले की पुकारा कोणी केला होता. दळवींनी, असे मी सांगितले. सकपाळ यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मंग बरोबर हाय. मलाच ऐकू नाय आला तर दुसऱ्याला काय येनार."

१७. तेव्हा विनंती. या शब्दाला दुसरा पर्याय नमुन्यात नाही म्हणून तोच वापरते. कालची एकतर्फी चौकशी रद्द करावी. ती ३० एप्रिलच्या आत पुन्हा घ्यावी. अपचारी कर्मचारी समोरच्या शेडमध्ये असतील. ते सकाळी साडेनऊला येतात आणि बोलावल्याशिवाय उठत नाहीत. पुकारा मी करीन, कोटाशिवाय. त्याबद्दल मलाही निलंबित करावयाचे असल्यास कृपया त्याच दिवशी करावे, म्हणजे आपल्या चौकशी अधिकाऱ्यांना परत यावे लागणार नाही. आस्थापनेचा भत्ता त्यामुळे थांबणार आहे याची कल्पना सर्व कर्मचाऱ्यांना दिली आहे. या अर्जाच्या मसुद्याची प्रत मी काल संध्याकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवली होती. आज सकाळी ती परत आली. त्यावर त्यांची सही आहे, आणि सहीच्या वर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे : 'या महिन्यात आवारात थंडी नव्हती.'

आपण स्वतः चौकशीस यावे अशीही विनंती आहे. आपल्याला बसायला जागा कुठे करावी हा प्रश्न होता. शेडमध्ये रंगूबाईच्या शेजारी एक जागा रिकामी असते. तिथून आपल्याला आपले नाव ऐकू येते का, ते आपणच पाहावे.

कोटाशिवाय, तरीही नम्र,

(सही)
सुमेधा अवधूत कारेकर
नाझर, सावरघाट

सोबत :
१) थंडी नव्हती असा मा. दंडाधिकाऱ्यांचा दाखला, मूळ प्रत.
२) थर्मास, एक, न वापरलेला.
३) लोकरी कोट, एकूण सहा. पैकी पाच कर्मचाऱ्यांनी आज सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवले, सहावा माझा. सर्व बटणे उघडी.